कातळात कोरलेलं न्हाणीघर

इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर हॉविक नावाचं गाव आहे. तिथल्या कातळावर, उत्तर समुद्राच्या अगदी तोंडावर, एक छोटंसं दगडी घर उभं आहे. उतरतं छप्पर आणि घराच्या मानाने जरा जास्तच उंच धुराडी. आज ते सुट्टीसाठी भाड्याने मिळतं, पण नाव अजून ‘बेदिंग हाऊस’च आहे. एकोणिसाव्या शतकात ते हॉविकच्या ग्रे घराण्याचं समुद्रस्नानाचं घर होतं.

हे ग्रे म्हणजे दुसरे अर्ल, चार्ल्स ग्रे. १८३० ते १८३४ या काळातले ब्रिटनचे पंतप्रधान. ज्या १८३३च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार थांबला आणि चीनच्या चहावरची तिची मक्तेदारी संपली, तो त्यांच्याच कारकिर्दीतला. ‘अर्ल ग्रे’ चहाला नावही त्यांचंच. डझनाहून अधिक मुलांच्या या बापाचा जीव मात्र लंडनपेक्षा हॉविकमध्ये रमायचा.

समुद्राचं पाणी हे औषध आहे, हे इंग्रजांच्या मनावर बिंबवलं ते रिचर्ड रसेल या डॉक्टरने, १७५०च्या सुमारास. १७८९मध्ये खुद्द तिसरा जॉर्ज वेमथच्या समुद्रात उतरला आणि या उपचाराला राजमान्यता मिळाली. ब्रायटनला तर पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी वाफेचं स्नान आणि चंपी यांवर नाव कमावलं. ग्रे ज्यांचे पंतप्रधान होते ते चौथे विल्यम त्यांच्या आश्रयदात्यांपैकी एक.

हॉविकला असा थाट नव्हता. तिथलं खरं बांधकाम घराच्या बाहेर, खाली कातळात आहे. घराजवळ वालुकाश्माचा उघडा खडक समुद्रात शिरलेला आहे. ग्रे यांच्या मुलांसाठी त्यात पायऱ्या कोरल्या गेल्या आणि पोहायला कुंड केलं गेलं. त्यामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो. उघड्या समुद्रात लहान मुलांना सोडणं धोक्याचं. कातळातल्या कुंडात मात्र भरती येते, जुनं पाणी धुऊन नेते आणि ओसरताना नवं मागे ठेवते. ना पंप, ना झडप. दिवसातून दोनदा पाणी बदलण्याचं काम समुद्रच करतो.

मग वर घर कशाला? आपल्याकडे नदीवर घाट बांधला की काम भागतं. ओल्या अंगाने पायऱ्या चढलं तरी ऊन अंग सुकवतं. उत्तर समुद्राचं पाणी ऐन उन्हाळ्यातही जेमतेम तेरा-चौदा अंश सेल्सिअस, वर झोंबरा वारा. तिथे आंघोळीइतकीच गरज असते ती आडोशाची आणि शेकोटीची. ती धुराडी म्हणूनच मला शोभेपेक्षा गरजेची वाटतात.

या इमारतीचं घर होणं सहज जमलं, त्याचं कारणही इथेच आहे. हौद, नळ, बाष्पकोठ्या असलेलं स्नानगृह राहतं करायचं तर आधी त्याची अर्धी आतडी काढावी लागतात. इथे पाणी पहिल्यापासून बाहेरच होतं. आत ऊब आणि आडोसा. माणसाला राहायलाही तेच लागतं.

निगा राखणं मात्र सोपं नाही. अशा किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर येणारं मीठ वालुकाश्माच्या छिद्रांत शिरून तिथे स्फटिक धरतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. अशा भिंतीचे सांधे सिमेंटने भरले की ओल दगडातच कोंडते आणि झीज वाढते. दगडापेक्षा मऊ असलेला चुन्याचा गारा ओल बाहेर सोडतो आणि झिजायचं ते आधी स्वतः झिजतो. तो पुन्हा भरता येतो, दगड नाही.

वारसा इमारतींच्या सरकारी यादीत नोंद असल्याने घराच्या रूपाला मनमानी हात लावता येत नाही, हे फार बरं आहे. किनाऱ्याची पायवाट घराजवळूनच जाते. भाडं न भरणाऱ्यालाही खडकातल्या त्या पायऱ्या पाहता येतात. फक्त ओहोटीची वेळ पाहून जायला हवं.