बिनतारी संचावरचे नाव

बंगळूर शहराच्या पूर्व अंगाला के. आर. पुरम नावाचे रेल्वे स्थानक आहे. कृष्णराजपुरम हे पुरे नाव उच्चारण्याइतकी सवड कोणालाच नसल्यामुळे ते असे आद्याक्षरांत आखडले गेले. रेल्वेच्या दप्तरी मात्र त्याचा संकेत आणखी निराळा, म्हणजे के-जे-एम असा आहे. चेन्नईच्या बाजूने बंगळुरात शिरणाऱ्या गाड्या येथूनच जातात. इंजिनांची मोठी शेड येथे आहे आणि रुळांच्या वरून तारांनी ताणून धरलेला रस्त्याचा पूल गेला आहे. अशा गजबजलेल्या ठिकाणी इंजिनाचा चालक, गाडीच्या शेवटच्या डब्यातला गार्ड (२०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात) आणि स्टेशनमास्तर हे एकमेकांशी बोलतात ते हातातल्या बिनतारी संचावरून, म्हणजे वॉकी-टॉकीवरून.

टेलिफोन आणि हा संच यांतला भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. टेलिफोनची घंटा ज्याच्या घरी वाजते तोच तो उचलतो. बिनतारी संचावर बोललेला शब्द त्या लहरीवर कान लावून बसलेल्या सर्वांनाच ऐकू जातो. तेथे नुसते ‘हॅलो, सिग्नल मिळाला का?’ असे विचारणे म्हणजे भरल्या बाजारात उभे राहून ‘अहो!’ अशी हाक मारण्यासारखे आहे. एक तर दहाजण मागे वळून पाहतील, नाही तर एकही पाहणार नाही. त्याहून वाईट म्हणजे एका गाडीला दिलेले उत्तर दुसऱ्याच गाडीचा चालक स्वतःचे समजून घेईल. हा घोटाळा टाळण्यासाठी प्रत्येक संचाला एक ठरीव नाव असते. इंग्रजीत त्याला कॉल साइन म्हणतात. मराठीत संकेतनाम म्हणावे. रेल्वेत गाडीचा क्रमांक आणि स्थानकाचे नाव हीच संकेतनामे होत. विमानाला आणि हौशी बिनतारी चालकाला, ज्याला हॅम म्हणतात, ती आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मिळतात.

हे नाव उच्चारण्याचा क्रम ठरलेला आहे. ज्याला हाक मारायची त्याचे नाव आधी आणि आपले नंतर. यात केवळ शिष्टाचार नाही. संचाजवळचा माणूस सतत कान टवकारून बसलेला नसतो. तो कागद लिहीत असतो, चहा घेत असतो. स्वतःचे नाव कानी पडताच तो सावध होतो आणि त्यानंतर आलेले शब्द त्याच्या मनात नोंदले जातात. बोलणाऱ्याने आपलेच नाव आधी सांगितले, तर ऐकणारा जागा होण्यापूर्वीच ते वाया जाते. संचाच्या रचनेमुळे आणखी एक पथ्य पाळावे लागते. खटका दाबताक्षणी बोलू लागले की पहिले अक्षर हमखास गिळले जाते. म्हणून खटका दाबावा, क्षणभर थांबावे, मग बोलावे. घाईघाईने बोलणारा माणूस वेळ वाचवीत नाही. त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणावे लागते.

यापुढचा प्रश्न अक्षरांचा. के-जे-एम हाच संकेत घ्या. खरखरत्या संचावर ‘के’ आणि ‘जे’ यांत फरक करणे कठीण, आणि ‘एम’ व ‘एन’ यांत तर त्याहून कठीण. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही इंग्रजी अक्षरे सगळी ‘ई’वर संपतात, खरखरीत अक्षराचा आरंभ बुडाला की मागे फक्त ‘ई’ उरते. यावर तोड म्हणून आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेने १९५६ च्या मार्चपासून प्रत्येक अक्षरासाठी एकेक शब्द मुक्रर केला: अल्फा, ब्राव्हो, चार्ली या क्रमाने झुलूपर्यंत. त्यानुसार के-जे-एम म्हणजे किलो, ज्युलिएट, माइक. आता चूक होण्यास वाव उरत नाही. ‘ग गणपतीचा’ म्हणत मुळाक्षरे शिकलेल्या मराठी माणसाला ही युक्ती परकी वाटू नये. परंतु ‘आर रत्नागिरीचा’ असे मनाने रचलेले शब्द दोन मराठी माणसांतच चालतील. के. आर. पुरमच्या परिसरात कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी बोलणारी माणसे एकत्र काम करतात. तेथे सर्वांनी आधीच पाठ केलेलाच शब्द उपयोगी पडतो.

आकड्यांची गोष्ट तशीच. फाइव्ह आणि नाइन यांची गल्लत होऊ नये म्हणून ते ‘फाइफ’ आणि ‘नायनर’ असे उच्चारतात. मराठीची अडचण याहून मोठी आहे. सात, आठ, साठ हे शब्द एकमेकांत मिसळतात. शिवाय पंचवीस म्हणताना आपण पाच आधी व वीस नंतर सांगतो, त्यामुळे लिहिणाऱ्याचा हात उलटा चालतो. गाडीचा पाच आकडी क्रमांक सुटा सुटा, एकेक आकडा उच्चारून सांगावा हे बरे.

एकदा घेतलेले नाव मध्येच बदलू नये, हा नियम सर्वांत कमी पाळला जातो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानांची धडक होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतले अमेरिकन विमान सर्व संभाषणात ‘क्लिपर १७३६’ या नावाने ओळखले जात होते. अखेरच्या क्षणी नियंत्रकाने त्याला एकदाच ‘पापा अल्फा १७३६’ म्हटले. त्याच सुमारास दोघे एकदम बोलल्यामुळे डच विमानाच्या वैमानिकांच्या कानी महत्त्वाच्या वाक्यांऐवजी कर्कश शीळ पडली. अपघाताची कारणे अनेक होती. या एका शब्दावर सारा दोष टाकणे अन्यायाचे होईल. तरीही धुक्यात डोळे निरुपयोगी झाले असता ओळखीचा स्वर तेवढा उरतो, आणि तोही ऐन वेळी पालटला.

हौशी चालकांच्या नावात तर स्थळही दडलेले असते. भारतातील बहुतेक हॅम ‘व्हिक्टर युनिफॉर्म’ने आरंभ करतात, राजीव गांधी यांचे संकेतनाम व्हिक्टर युनिफॉर्म टू रोमिओ गोल्फ असे होते. यात टूऐवजी फोर आला की स्थळ अंदमान-निकोबार. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरहून अशाच नावाने बोलत होत्या आणि जगभरचे हौशी चालक ते दुर्मिळ नाव टिपून घेण्यासाठी धडपडत होते. २६ तारखेला त्सुनामी आली, टेलिफोन बंद पडले, आणि त्याच संचावरून माणसांच्या खुशालीचे निरोप जाऊ लागले. ‘व्हिक्टर युनिफॉर्म फोर’ हे शब्द कानी पडताच, आवाज अंदमानातून येत आहे हे वेगळे सांगण्याची गरज उरत नव्हती.