लिलावातले घर खरेच स्वस्त पडते का?
नवी मुंबईतल्या करावे-सीवूड्स भागात थकीत कर्जापोटी बँका विकतात ती घरे बहुतेक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली लिलावात येतात. राखीव किमतीवर भाळू नका. आधी ताबा पाहा. नोटिशीत ‘सांकेतिक ताबा’ असेल, तर आत बहुधा कुणी राहत असते आणि घर रिकामे होईपर्यंतचे तुमच्या कर्जाचे व्याज तुमच्याच खिशातून जाते. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, सिडकोचे हस्तांतरण शुल्क हिशेबात धराच. गावठाणातल्या ‘गरजेपोटी’ (प्रकल्पग्रस्तांनी विनापरवाना बांधलेल्या) घरांची कागदपत्रे तर वकिलाला दाखवल्याशिवाय बोली लावूच नये. बोली जिंकल्यास २५ टक्के रक्कम त्याच किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी, उरलेली रक्कम विक्री पक्की झाल्यापासून १५ दिवसांत भरावी लागते. मुदत चुकली तर भरलेले पैसे जप्त होतात.