स्कॅनरचें मेमरी कार्ड : पारख आणि निगा

रेडिओ म्हटला कीं गाणीं, बातम्या आणि भाषणें हींच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु आकाशांतून जाणाऱ्या बिनतारी लहरींपैकीं फार मोठा भाग श्रोत्यांच्या करमणुकीसाठीं नसून, कामावरील माणसांच्या आपसांतील बोलण्यासाठीं असतो. आगीचा बंब कोठवर पोहोंचला, रुग्णवाहिकेनें कोणत्या रस्त्यानें यावें, आगगाडी कोणत्या फांट्यावर थांबवावी, असले निरोप दिवसरात्र चाललेले असतात. अनेक लहरी एकामागून एक चाळून, जिच्यावर कोणी बोलत असेल तिच्यावर थांबणारें आणि तें बोलणें ऐकविणारें जें ग्राहक यंत्र, त्यास स्कॅनर असें म्हणतात.

अमेरिकेंत आणि कॅनडांत या यंत्राचा छंद जुना आहे. पण कांहीं ठिकाणीं तो केवळ छंद राहत नाहीं. कॅलिफोर्नियासारख्या प्रांतांत वणव्याच्या दिवसांत आग डोंगराच्या कोणत्या अंगानें सरकत आहे, हें लवकरांत लवकर कानावर पडावें म्हणून लोक तें जवळ बाळगतात. २०१८ सालच्या नोव्हेंबरच्या ८ तारखेस त्या प्रांतांतील पॅरडाइस हें गांव कांहीं तासांत जवळजवळ सगळें भस्मसात् झालें, आणि त्या वणव्यानें ८५ माणसांचा बळी घेतला. अशा प्रदेशांत ऐन वेळीं यंत्र मुकें राहणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. आणि आधुनिक स्कॅनर ज्या कारणांनीं मुका होतो, त्यांतील एक कारण म्हणजे त्याच्या पोटांतील नखाएवढें मेमरी कार्ड. यंत्रासाठीं शेंकडों डॉलर खर्चणारा मनुष्य कार्ड मात्र हातीं लागेल तें घेतो. म्हणून या लहानशा वस्तूची निवड कशी करावी, याचा विचार करणें उपयुक्त ठरेल.

रेडिओस मुळांत मेमरी कार्ड लागावेंच कशाला, हा प्रश्न येथें साहजिकच उद्भवतो. प्रारंभींच्या स्कॅनरांत प्रत्येक लहरीसाठीं एक स्फटिक बसवावा लागे. आठ लहरी ऐकावयाच्या तर आठ स्फटिक. पुढें यंत्राला स्वतःची स्मृति मिळाली आणि लहरींचे आंकडे बोटांनीं दाबून तींत भरतां येऊं लागले. त्यानंतर सरकारी खात्यांची बोलण्याची रीतच पालटली. पूर्वीं प्रत्येक खात्याची एक ठराविक लहर असे. आतां अनेक खात्यांत मिळून कांहीं थोड्या लहरी असतात, आणि जो बोलूं लागेल त्यास त्या क्षणीं मोकळी असेल ती लहर नेमून दिली जाते. टपाल कचेरींत सर्वांची एकच रांग लावावी आणि जी खिडकी मोकळी होईल तिच्याकडे पुढच्या माणसास पाठवावें, तशी ही व्यवस्था आहे. त्यामुळें एकच संभाषण घडीघडीस लहर बदलतें. त्याचा माग ठेवावयाचा, तर कोणत्या गांवीं कोणती व्यवस्था आहे, तींत कोणत्या गटाचा क्रमांक कोणता, हें सारें स्कॅनरला अगोदर ठाऊक असावें लागतें. १९८९ सालीं आरंभिलेल्या ‘प्रोजेक्ट २५’ या अमेरिकन योजनेंतून बोलणें अंकांच्या रूपानें पाठविण्याचीं प्रमाणें ठरलीं आणि ही गुंतागुंत आणखी वाढली.

इतकी माहिती बोटांनीं कोण भरणार? म्हणून सबंध देशाची यादीच एका कार्डावर उतरून तें यंत्रांत घालण्याची युक्ति निघाली. युनिडेन कंपनीच्या ‘होम-पॅट्रोल’ या २०१० सालच्या यंत्रांत मालकानें आपल्या टपालाचा पिन क्रमांक सांगितला, कीं यंत्र त्या कार्डावरील यादींतून आसपासच्या लहरी आपण होऊन निवडून घेई. पुढील अनेक यंत्रांत हीच पद्धति रूढ झाली. देशाची यादी, मालकानें स्वतः निवडलेल्या आवडत्या याद्या, यंत्राची मांडणी आणि ध्वनिमुद्रित केलेलीं संभाषणें, असें सर्व कांहीं या कार्डावर राहतें. अर्थात् कार्ड बिघडलें म्हणजे केवळ जुनीं मुद्रणें गेलीं असें होत नाहीं; कोठें काय ऐकावयाचें हेंच यंत्र विसरून जातें.

आतां कार्डाच्या अंतरंगाकडे वळूं. या स्मृतीचा मूळ शोध जपानच्या तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका या शास्त्रज्ञाच्या नांवावर आहे. १९८४ सालीं त्यानें तिची पहिली जात जगापुढें मांडली, आणि आजच्या कार्डांत वापरली जाणारी जात १९८७ च्या सुमारास पुढें आली. कार्डांत अतिसूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यांत थोडासा विद्युद्भार कोंडून ठेवला जातो, आणि तो किती आहे यावरून लिहिलेला अंक ओळखला जातो. वीज बंद केली तरी हा भार वर्षानुवर्षें टिकतो. स्कॅनरांत वापरलें जाणारें मायक्रो-एसडी कार्ड अवघें १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड असतें. एवढ्याशा पापुद्र्यांत कोट्यवधि कप्पे आणि त्यांचा हिशेब ठेवणारा एक चिमुकला कारभारी, म्हणजे नियंत्रक, बसविलेला असतो.

निवडीचा पहिला प्रश्न धारणशक्तीचा. या कार्डांचे ठरलेले वर्ग आहेत. २ गिगाबाइटपर्यंतचीं तीं साधीं एसडी. त्यापुढें ३२ गिगाबाइटपर्यंतचीं एसडीएचसी. आणि त्याहून मोठीं, २,००० गिगाबाइटपर्यंतचीं, एसडीएक्ससी. हा भेद केवळ आकड्यांचा नाहीं. मधल्या वर्गांतील कार्डावर माहिती ‘फॅट-३२’ या पद्धतीनें मांडलेली असते, तर मोठ्या वर्गांत ‘एक्स-फॅट’ ही निराळी पद्धति असते. ज्या स्कॅनरला पहिलीच पद्धति वाचतां येते, त्याच्या हातीं १२८ गिगाबाइटचें कार्ड देणें म्हणजे मोडी न शिकलेल्यापुढें मोडीचें दप्तर ठेवण्यासारखें आहे. दप्तर मोठें असेल, पण वाचणाऱ्यास त्याचा उपयोग नाहीं. म्हणून यंत्राच्या माहितीपुस्तकांत जी कमाल मर्यादा दिली असेल, आणि ती पुष्कळदां ३२ गिगाबाइट असते, ती कधींहि ओलांडूं नये.

३२ गिगाबाइट पुरेल काय, हें हिशेबानें पाहतां येतें. टेलिफोनच्या दर्जाचा आवाज मुद्रित करण्यास सेकंदाला ८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास २ बाइट धरले, तर सेकंदास १६,००० बाइट लागतात. तासाचे झाले सुमारें ५ कोटी ७६ लाख, आणि अहोरात्रीचे सुमारें १३८ कोटी. या मानानें ३२ गिगाबाइटच्या कार्डावर अखंड बोलणें साठविलें तरी तें भरण्यास तेवीस दिवस लागतील. स्कॅनर मधली शांतता मुद्रित करीत नसल्यामुळें प्रत्यक्षांत याहूनहि पुष्कळ अधिक काळ जाईल. अधिक मोठ्या कार्डाचा हव्यास धरण्याचें कारणच उरत नाहीं.

हाच हिशेब गतीच्या प्रश्नाचाहि निकाल लावतो. कार्डावर अर्धवट वर्तुळांत ४, ६ किंवा १० असा आंकडा छापलेला असतो. तेवढे मेगाबाइट दर सेकंदास निदान लिहिले जातील, असें तें वचन असतें. १ किंवा ३ आंकडा पोटांत असलेलें इंग्रजी ‘यू’ अक्षर दिसलें, तर अनुक्रमें १० आणि ३० मेगाबाइट समजावे. हीं वेगवान् कार्डें चलच्चित्रें टिपणाऱ्या कॅमेऱ्यांसाठीं काढलेलीं असतात. स्कॅनरची गरज सेकंदास १६,००० बाइटांची. चार आंकड्याचें साधें कार्डहि तिच्या अडीचशेंपट वेगानें लिहूं शकतें. तेव्हां वेगासाठीं जादा दाम मोजणें म्हणजे विहिरीवरून कळशीभर पाणी आणण्यास मालगाडी जुंपण्यासारखें होय.

तर मग पैसे कशासाठीं मोजावे? याचें उत्तर एका शब्दांत सांगावयाचें तर, भरंवशासाठीं. प्रत्येक कप्पा ठराविक वेळांच लिहितां-पुसतां येतो. एका कप्प्यांत एकच अंक ठेवणारीं जुनीं महाग कार्डें लाखाच्या घरांत आवृत्त्या सोसत. एका कप्प्यांत तीन अंक दाटीवाटीनें बसविणारीं आजचीं स्वस्त कार्डें साधारणतः हजाराच्या आसपास सोसतात. हजार आवृत्त्या हाहि आंकडा वरील हिशेबानें साठ वर्षांचा भरतो, हें खरें. परंतु कार्डावर चार ओळी लिहावयाच्या झाल्या तरी नियंत्रकास पुष्कळदां सबंध गठ्ठा पुसून पुन्हां लिहावा लागतो, आणि स्कॅनरचीं मुद्रणें तर असंख्य लहान तुकड्यांचीं असतात. त्यामुळें झीज हिशेबाहून लवकर होते. मोटारींतील आणि पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांसाठीं ‘हाय एन्ड्युरन्स’ नांवाचीं विशेष टिकाऊ कार्डें मिळतात. ज्याचा स्कॅनर अहोरात्र मुद्रण करतो, त्यानें तें घ्यावें. केवळ ऐकणाऱ्यास नामांकित कंपनीचें साधें कार्ड पुरे होतें.

मात्र नामांकित कंपनीचें नांव छापलेलें प्रत्येक कार्ड त्या कंपनीचें असतेंच असें नाहीं. बनावट कार्डांचा सुळसुळाट जगभर आहे. त्यांतील लबाडी मोठी चतुर असते. कार्डांतील कारभारी यंत्राला खोटी साक्ष देतो. पोटांत कप्पे ४ गिगाबाइटचे आणि सांगावयाचें ३२. पहिले ४ भरेपर्यंत सर्व सुरळीत चालतें. त्यानंतर नवें लिखाण जुन्यावर चढतें किंवा कोठेंच लिहिलें जात नाहीं. अशा कार्डाचा दोष खरेदीच्या दिवशीं उघडकीस येत नाहीं, महिन्या-दोन महिन्यांनीं येतो, आणि तोंवर विकणारा हातीं लागत नाहीं.

यावर उपाय एकच. नवें कार्ड प्रथम संगणकांत घालून कांठोकांठ भरावें आणि भरलेलें सारें परत वाचून ताडून पाहावें. हें काम करणाऱ्या ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ आणि ‘एफ-थ्री’ यांसारख्या आज्ञावली फुकट मिळतात. या परीक्षेला कांहीं तास लागतील. पण ते व्यर्थ जात नाहींत. याच संदर्भांत एक गैरसमजहि दूर केला पाहिजे. ३२ गिगाबाइटचें अस्सल कार्ड संगणकांत २९.८ च्या सुमारास दिसतें. ही लबाडी नव्हे. कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो, तर कित्येक संगणक १,०२४ च्या पटीनें मोजतात, एवढाच तो फरक आहे.

चांगलें कार्ड निवडलें तरी निगेवांचून तें टिकत नाहीं. पुष्कळ कार्डें झिजून नव्हे, तर लिहितांना वीज तुटल्यामुळें निकामी होतात. कार्डावर एक अनुक्रमणिका असते. ती लिहिली जात असतां बॅटरी उपसली, तर पुस्तकाचीं पानें शाबूत राहतात, पण कोणतें प्रकरण कोणत्या पानावर याचा पत्ता लागत नाहीं. म्हणून स्कॅनर नेहमीं त्याच्या बटनानेंच बंद करावा, पडदा पूर्ण विझूं द्यावा आणि मगच कार्डास किंवा बॅटरीस हात लावावा. दुसरा शत्रु उष्णता. कोंडलेला विद्युद्भार उन्हांत लवकर झिरपतो. उन्हाळ्यांत बंद मोटारींत तापत ठेवलेलें यंत्र आपली स्मृति कणाकणानें गमावीत असतें.

आणि अखेरची गोष्ट म्हणजे प्रत. कितीहि उंची कार्ड घेतलें तरी तें केव्हांतरी दगा देणारच, हें गृहीत धरून चालावें. मांडणी मनाजोगी झाली कीं सबंध कार्डाची एक प्रत संगणकांत ठेवावी आणि तीच दुसऱ्या, तपासलेल्या कार्डावर उतरून तें स्कॅनरच्या पिशवींत टाकावें. वणवा दाराशीं आला असतां संगणक उघडून बसण्यास सवड नसते. कार्ड बदलण्यास अर्धा मिनिट पुरतो.

कार्ड काय करूं शकत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवलें पाहिजे. अमेरिकेंतील अनेक पोलीस खात्यांनीं आपलें बोलणें आतां गूढलिपींत पाठविण्यास आरंभ केला आहे. तें कोणत्याहि कार्डानें उलगडत नाहीं. तेथेंहि खासगी मोबाइल संभाषणें ऐकण्यास १९८६ च्या कायद्यानें बंदी आहे. भारतांत तर १९३३ च्या कायद्यानें परवान्यावांचून बिनतारी यंत्र बाळगणेंच गुन्हा ठरविलें होतें. तेव्हां परदेशांत राहणाऱ्या आप्तानें कौतुकानें धाडलेला स्कॅनर येथें चालेलच, अशी समजूत कोणीं करून घेऊं नये.

परंतु कार्डाचे नियम स्कॅनरपुरतेच नाहींत. पुण्या-मुंबईच्या घरांत दारावरील पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांत, मोटारींत किंवा मुलाबाळांच्या छायाचित्रांनीं भरलेल्या फोनमध्यें हींच कार्डें असतात आणि याच कारणांनीं दगावतात. सारांश, यंत्राच्या मर्यादेंत बसेल एवढेंच घ्यावें, वेगाच्या आंकड्यास भुलूं नये, भरंवशाच्या दुकानांतून घेऊन कांठोकांठ भरून तपासावें, उष्णतेपासून जपावें, आणि दुसरी प्रत सदैव तयार ठेवावी. कार्ड निकामी झालें तर नवें मिळतें. त्यावरील मजकुराची दुसरी प्रत नसेल, तर तो मात्र पुन्हां मिळत नाहीं.