रसायनीचे ‘ऑरगॅनिक’ आणि टीव्हीचे ‘ऑरगॅनिक’

पनवेलहून पेण-रोह्याकडे जाणाऱ्या गाडीला सोमाटण्यानंतर रसायनी लागते. १९६० साली स्थापन झालेल्या ‘हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स’ या सरकारी कंपनीचा कारखाना तिथलाच. नायट्रोबेंझिन आणि अॅनिलिन ही तिथली उत्पादने होती. दोन्ही चांगलीच विषारी. कंपनीच्या नावातला ‘ऑरगॅनिक’ वाचून पंचक्रोशीत कुणाला सेंद्रिय गूळ आठवला नसेल. तोच शब्द ‘ओएलईडी’ (ऑरगॅनिक लाइट एमिटिंग डायोड) या नावातून टीव्हीवर आला की मात्र गल्लत होते. कुणी समजतो, हा पडदा निसर्गस्नेही आहे. कुणी म्हणतो, सेंद्रिय म्हणजे नाशवंत, दोन पावसाळ्यांत कुजेल. मराठीत खतही सेंद्रिय आणि रसायनही सेंद्रिय, म्हणून हा घोळ आपल्याकडे जरा जास्तच. कौतुक आणि शंका, दोन्ही एकाच चुकीच्या वाचनातून निघालेली आहेत.

रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनच्या सांगाड्यावर उभा असलेला रेणू. तो सजीवातूनच यावा लागतो ही समजूत रसायनशास्त्रज्ञ वोलरने १८२८ मध्ये प्रयोगशाळेत युरिया बनवला तेव्हापासून ढासळू लागली. बेंझिनपासून नायट्रोबेंझिन, त्यापासून अॅनिलिन, आणि अॅनिलिनच्या नायट्रोजनला आणखी दोन बेंझिनची कडी जोडली की ट्रायफिनाइलअमीन. याच कुळातले रेणू ओएलईडीत धन विद्युतभार पुढे नेतात. रसायनीत पडद्यांचे रेणू बनत नव्हते. पण कूळ एकच. (तिथले बहुतेक विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१७ मध्ये घेतला, अग्निबाणाच्या इंधनाला लागणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा विभाग तेवढा इस्रोकडे सोपवायचे ठरले.) १९६० च्या दशकात अँथ्रासीनच्या स्फटिकातून उजेड काढायला शेकडो व्होल्ट लागत. १९८७ मध्ये कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी असा एक अमीन आणि अॅल्युमिनियमचे एक सेंद्रिय संयुग यांचे पातळ थर एकावर एक बसवले आणि दहा व्होल्टच्या आत लख्ख हिरवा उजेड मिळवला. दोन्ही थर मिळून केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी पातळ. सगळी किमया तिथून सुरू झाली.

आता कार्यक्षमता. थरांमध्ये ऋण आणि धन भार भेटले की रेणू उत्तेजित होतो, पण भेटीचे प्रकार चार. त्यांतल्या एकातूनच साधा सेंद्रिय रेणू चटकन उजेड देतो. उरलेल्या तिन्हींची ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणजे रुपयातले चार आणे उजेडाला आणि बारा आणे पाण्यात. हे बारा आणे परत मिळवायचे दोन मार्ग सापडले. १९९८ च्या सुमारास अमेरिकेत फॉरेस्ट आणि थॉम्पसन यांच्या गटांनी रेणूच्या मध्यभागी प्लॅटिनम, पुढे इरिडियमसारखा जड धातू बसवला. त्यामुळे अडलेल्या तिन्ही प्रकारांतूनही उजेड निघू लागला. २०१२ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठात चिहाया अदाची यांच्या गटाने धातूशिवाय ते साधले: खोलीच्या तापमानाची ऊब वापरून अडलेली अवस्था उजेड देणाऱ्या अवस्थेत परत चढते, अशी रेणूची घडण केली. इरिडियम आला तर सेंद्रियपण उरले कुठे, असा आक्षेप कुणी घेईल. पण धातूभोवतीची कार्बनची कडी बदलली की उजेडाचा रंग बदलतो. लगाम अजून सेंद्रिय भागाच्याच हाती असतो.

मग यात वीज नक्की वाचते का? दुकानात ‘एलईडी टीव्ही’ म्हणून मिळणारा बहुतेक वेळा एलसीडीच असतो, मागे एलईडीचे दिवे लावलेला. काळ्या दृश्यातही ते दिवे बहुधा जळत असतात. ओएलईडीचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा हवा असेल तिथे चक्क विझतो. म्हणून बचत दृश्यावर ठरते: रात्रीच्या प्रसंगात भरपूर, पांढऱ्याशुभ्र पानावर उलट खर्चच जास्त. फोनचा ‘डार्क मोड’ही मध्यम उजेडावर वाटतो तेवढी बॅटरी वाचवत नाही. आणि घरातल्या ट्यूबची जागा ओएलईडीचे पातळ पत्रे घेतील असे भाकीत वीस वर्षांपूर्वी जोरात होते, ते फसले. आत तयार झालेला बराचसा उजेड थरांत आणि काचेत अडकून राहतो. खास उपाय न केल्यास जेमतेम पाचवा हिस्सा बाहेर पडतो. साधा एलईडी बल्ब वॉटला शंभर ल्युमेनच्या आसपास देतो आणि शे-दीडशे रुपयांत मिळतो. त्याच्याशी किमतीची बरोबरी करणे ओएलईडीला जमले नाही, जरी त्याचा पसरट, डोळे न दिपवणारा उजेड खरोखर सुखद असला तरी.

राहिला कुजण्याचा मुद्दा. इथे जंतूंचा संबंध नाही. शत्रू आहेत ओलावा आणि ऑक्सिजन, म्हणून पडदा हवाबंद करतात. कोकणच्या पावसाळ्याला तो त्यामुळेच पुरून उरतो. खरी झीज आतून होते, आणि निळ्या रंगात सर्वाधिक. निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा रेणूतल्या काही बंधांच्या ताकदीच्या जवळ जाते. उत्तेजित रेणू एकमेकांना भिडले की बंध तुटतात. वाहिनीचा लोगो तासन्‌तास एकाच जागी राहिला की तिथले रेणू आधी थकतात आणि त्याचा पुसट ठसा उरतो. निळा असा लवकर थकतो म्हणूनच अनेक फोनच्या पडद्यांत निळ्या ठिपक्याला हिरव्यापेक्षा जास्त जागा देतात, म्हणजे तेवढाच उजेड पाडताना त्यातल्या एकेका रेणूवर भार कमी येतो.