टेलच्या गावाला डॉक्टर कधी?



पाटाला पाणी सुटलं की हेडच्या रानाला भरपूर आणि टेलच्याला उरलंसुरलं, हे दुखणं आम्ही तुम्हाला सांगायला नको. डॉक्टरांचंही तसंच आहे. शहरात एका गल्लीत चार पाट्या; डोंगरातल्या वाडीनं मात्र आधी खाली उतरायचं, गाडी मिळवायची, मग दवाखाना.

महाबळेश्वराहून आंबेनळी घाट उतरला की सुमारे ४० किलोमीटरवर पोलादपूर, पुढं महाड. भाताचा, पावसाचा मुलूख आणि तांबड्या विंचवाचाही. हा विंचू डसला म्हणजे नुसती ठणक नव्हे. विषानं रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं. घाम, उलट्या, हातपाय गार; धडधाकट पोर बघता बघता दगावायचं.

१९७६ साली जालन्याकडच्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर आले. त्या काळी विंचवानं अत्यवस्थ झालेल्या शंभरातले तीस-चाळीस रुग्ण हाती लागत नसत. डॉक्टरांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी वापरून पाहिली. १९८६ साली ते काम लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. मृत्यूचं प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरलं. एम. डी. पुण्याला केलं, तरी परतले महाडलाच. २०२२ साली पद्मश्री मिळाली.

असे डॉक्टर आणखी हवेत, असं लोक म्हणतात. आमचं मत जरा वेगळं आहे. एका माणसाच्या त्यागावर तालुका चालवायचा, ही काही वाटणी नव्हे. गोळी स्वस्त आहे. पण ती वेळेत देणारा आणि रात्रभर रक्तदाब बघत बसणारा माणूस जवळ लागतो. सरकारी हिशेबानं सपाटीवर ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकवस्तीला एक आरोग्य केंद्र. सूट दिली, बरं केलं. पण हिशेब डोक्यांचाच राहिला, वाटेचा नाही. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेलं, तळियेवर दरड कोसळली, रस्ते तुटले. अशा वेळी २० हजारांचा आकडा काय कामाचा?

आपण तोडणी लागणीच्या तारखेनं देतो. रस्त्याकडेच्या रानातच टोळ्या घातल्या तर वार्षिक सभेत आम्हाला कुणी बसू देणार नाही! लांबच्या खेपेला वाहतूकही जास्त धरतो. मग आडरानातल्या डॉक्टरला राहायला धड घर, पोरांना शाळा आणि पुढच्या शिक्षणात अग्रक्रम का नको?

हा विंचू आपल्या देशावरही आहे. पाचटात, बांधाच्या दगडांत बसतो. टोळी उतरली की मुकादमाला जवळचं आरोग्य केंद्र दाखवून ठेवा. विंचू डसल्यास चिरा देणं, मंत्र-उतारा यांत वेळ घालवू नये. गोळी मनानं देऊ नये. डसल्याची वेळ लक्षात ठेवून, रुग्णाला निजवून, मिळेल त्या गाडीनं न्यावं. कारखान्याच्या खेपेचा ट्रॅक्टर असला तरी चालेल.