उन्हाळ्यातील झोप



या व्यासपीठावरून आम्ही झोपेवर बोलणार असे कळल्यावर काही मंडळींनी हसून विचारले, की श्रोत्यांना झोप आणण्याचे काम वक्ते आजवर विनासायास करीत आलेच आहेत. त्यासाठी मुद्दाम असा विषय कशाला? थट्टा रास्त आहे. परंतु ज्या यंत्रमाग कामगारांमध्ये आमचे आयुष्य गेले, त्यांच्या घरी एप्रिल-मे महिन्यांत झोप ही थट्टेची गोष्ट राहत नाही. न झोपलेला माणूस मागावर उभा राहिला, की धागा तुटलेला ध्यानात येत नाही, कापड बिघडते, मजुरी कापली जाते आणि कधी बोटही जाते. आम्ही डॉक्टर नाही, शाळाही फारशी पाहिली नाही. परंतु वाचून, विचारून आणि माणसांच्या घरी बसून जे समजले ते सांगतो.

पहिला प्रश्न असा, की उकाड्यात झोप का लागत नाही? शरीराच्या आतले तापमान दिवसरात्र एकसारखे नसते. ते संध्याकाळी वर असते, रात्री सुमारे एक अंशाने उतरते आणि पहाटे सर्वांत खाली जाते. हे उतरणे आणि झोप लागणे यांची जोडी आहे. आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीर हातापायांच्या कातडीकडे जास्त रक्त पाठवते. पेंगुळलेल्या मुलाचे तळवे ऊन लागतात, ते यामुळेच. पण भोवतालची हवाच तापलेली असली, तर ही उष्णता जाणार कोठे? मग घाम हा एकच मार्ग उरतो.

घाम नुसता येऊन भागत नाही. तो वाळावा लागतो. एक लिटर घाम अंगावर वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. एवढ्या उष्णतेत आठ लिटर साध्या पाण्याला उकळी येईल! सोलापूर-नागपूरकडची हवा कोरडी, म्हणून तेथे घाम झटकन वाळतो आणि वाळ्याचे ताटवे किंवा पाण्याचा कूलर उपयोगी पडतो. मुंबईची नि कोकणची हवा आधीच ओलसर. तेथे घाम नुसता निथळतो आणि कूलर खोलीतला दमटपणा तेवढा वाढवतो. म्हणून एका गावचा उपाय दुसऱ्या गावी जसाच्या तसा नेऊ नये.

आता घराकडे वळू. सोलापूरकडील जुन्या माळवदाच्या घरांत मातीच्या जाड भिंती ऊन सावकाश आत येऊ देत, आणि रात्री माणसे माळवदावर आभाळाखाली निजत. आज बहुतेकांच्या डोक्यावर सिमेंटची स्लॅब आहे, नाही तर पत्रा. या दोहोंचे स्वभाव निराळे आहेत. स्लॅब दिवसभर ऊन साठवते आणि मध्यरात्र उलटेपर्यंत ते खाली सोडत राहते. पत्रा लवकर तापतो, तसा लवकर निवतोही. म्हणजे स्लॅबखाली रात्रीचा पहिला प्रहर कठीण, तर पत्र्याखाली दुपार.

यावर सांगण्याजोगे उपाय थोडे, परंतु खात्रीचे आहेत. उन्हाळ्याच्या तोंडी छताला वरून पांढरा चुना द्यावा; पांढऱ्या रंगावरून ऊन परतते. बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा गरम आहे तोवर खिडक्या झाकाव्यात, आणि बाहेर गारवा पडला की समोरासमोरची दारे-खिडक्या उघडाव्यात. पंख्याचा झोत अंगावरचा घाम वाळवतो, म्हणून बरे वाटते. पण हवा चाळीस अंशांच्या वर गेली, तर पंखा झळच फेकतो. तेव्हा अंग ओल्या फडक्याने पुसत राहावे. निजण्यापूर्वी साध्या पाण्याने अंघोळ करावी, बर्फासारख्या नव्हे. फोमच्या गादीपेक्षा सुतळीची बाज किंवा चटई बरी, कारण पाठीलाही हवा लागते. पाणी संध्याकाळपासून थोडे थोडे प्यावे. दारूने झोप लागते असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ती लागते खरी, पण मध्यरात्री मोडते आणि अंगातले पाणीही कमी करते. आणि एक इशारा : उन्हाळ्यात कोणी तापून असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपू लागला, तर तो झोपेच्या गुंगीत आहे असे समजू नये. तो उष्माघात असू शकतो. अंगावर पाणी ओतीत त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

परंतु हे सारे झाले रात्री निजणाऱ्यांसाठी. रातपाळी करून सकाळी घरी येणाऱ्याने काय करावे? त्याच्यावर चहूकडून मारा होतो. त्याच्या शरीराचे तापमान चढणीला लागलेले असते, उजेड मेंदूला 'दिवस उगवला' असे बजावीत असतो, गल्ली जागी झालेली असते आणि डोक्यावर पत्रा तापत असतो. अशा माणसाने पाळी सुटताना चहा घेऊ नये, घरी येताच अंघोळ करून निजावे, खिडकीला जाड गडद कापड लावावे आणि झोपेचा मोठा भाग ऊन चढण्यापूर्वी पदरात पाडून घ्यावा.

पण हे त्याच्या एकट्याच्या हाती नाही. एका कारखान्यात पाळीवर डुलकी लागल्याबद्दल एका उन्हाळ्यात अनेकांना दंड झाला. आम्ही त्यांच्या घरी गेलो. बहुतेक घरांवर पत्रा होता, आणि पाळी सुटत होती सकाळी आठला. माणूस अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत नऊ-साडेनऊ होत आणि अकराला खोलीची भट्टी होई. आम्ही पगारवाढ मागितली नाही. उन्हाळ्यापुरती पाळी आठाऐवजी सहाला बदला, एवढेच मागितले. मालकाचा एक पैसा जाणार नव्हता, तरी बोलणी तीन आठवडे चालली. शेवटी पाळी बदलली, आणि दंडाची पावती फाडण्याचे प्रसंगही कमी झाले.

विश्रांती कामगाराला कोणी आपण होऊन दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी चळवळ केली, तेव्हा १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामाचे तास दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस यांपुढे जाऊ नयेत असे ठरवले, आणि कारखान्यातील हवा खेळती ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. अनेक यंत्रमागांवर बारा तासांची पाळी चालत आली, ही गोष्ट निराळी! पण हा कायदा कारखान्याच्या दारापर्यंतच येत असे. कामगार निजतो तो दाराबाहेर, आपल्या खोलीत. तेथवर पोहोचायचे तर शेजाऱ्यांनी, नगरपालिकेने आणि तुम्ही-आम्ही नागरिकांनीच पोहोचले पाहिजे.

तात्पर्य, वस्तीत झाड लावणे, गच्चीला चुना देणे, दुपारी शेजारच्या बंद दारापुढे भोंगा न लावणे, ही लहान कामे वाटली तरी कोणाच्या तरी हाताची बोटे वाचवणारी आहेत. दुपारी दार लावून निजलेल्या माणसाला आळशी म्हणण्यापूर्वी, तो कोणत्या पाळीहून आला आहे एवढे विचारावे. मजुरी ही काम केलेल्या हाताची असते. तो हात उद्या पुन्हा कामाला उभा राहावा, यासाठी झोप त्याच्या हक्काची आहे.