पान्सित : अळणी पिऊन शिजणाऱ्या नूडल्स

पान्सित म्हणजे फिलिपिनो नूडल्सचा पदार्थ. त्यातलं पान्सित बिहोन करायला घेतलं की पहिली सवय मोडावी लागते ती नूडल्स उकळून, चाळणीत निथळून ठेवण्याची. बिहोन म्हणजे तांदळाच्या अगदी बारीक, पांढऱ्या नूडल्स. फिलिपिनो घरांत त्या साध्या पाण्यात दहा मिनिटं भिजवतात आणि थेट कढईतल्या उकळत्या अळणीत सोडतात. अळणी म्हणजे कोंबडी उकडलेलं पाणी; ते सगळं नूडल्स पिऊन घेतात, त्यामुळे चव आत मुरते. आपल्याकडे गाडीवरच्या ‘चायनीज’मध्ये उकडलेल्या नूडल्सवर सॉस ओततात, म्हणून तिथे सॉस वेगळा लागतो आणि नूडल वेगळी.

हा पदार्थ फिलिपिन्समध्ये आला तो चीनच्या फुजियान किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांबरोबर. स्पॅनिश अमदानीत, १५९४ साली, मनिलात पासिग नदीपलीकडे ख्रिस्ती झालेल्या चिन्यांसाठी बिनोन्दो ही वस्ती वसली. पुढे चिन्यांनी चालवलेल्या खानावळींना ‘पान्सितेरिया’ हे स्पॅनिश वळणाचं नावच पडलं. फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष होसे रिझाल यांच्या १८९१च्या ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ या कादंबरीत चिडलेले विद्यार्थी अशाच एका पान्सितेरियात जमतात आणि एकेक पदार्थ कुणा ना कुणा बड्या धेंडाला ‘अर्पण’ करत सत्ताधाऱ्यांची टर उडवतात. राष्ट्रपुरुषाच्या कादंबरीत मानाचं पान मिळालेल्या नूडल्स जगात फार नसाव्यात!

आता कढईकडे. चार माणसांना २५० ग्रॅम बिहोन आणि साधारण तीन कप अळणी पुरते. दोन चमचे तेलात ठेचलेला लसूण आणि चिरलेला कांदा परतायचा. बहुतेक फिलिपिनो स्वयंपाक इथूनच सुरू होतो. त्यात उकडून तोडलेली कोंबडी, मग गाजर, फरसबी आणि सगळ्यात शेवटी कोबी. कोबी करकरीत असतानाच हे सारं ताटलीत काढून ठेवायचं. इथे आळस केला तर भाजीचा लगदा होतो.

त्याच कढईत अळणी, तीन मोठे चमचे सोया सॉस, चमचाभर पातिस आणि सढळ हाताने मिरपूड. पातिस म्हणजे खारवून आंबवलेल्या माशांचा पातळ अर्क. तो मिळाला नाही तर मीठ थोडं वाढवावं. कोळंबी घालणार असाल तर डोकी फेकू नका. ती ठेचून, पाण्यात कालवून, गाळून अळणीत मिसळायची ही तिकडची जुनी रीत आहे. उकळी फुटली की नूडल्स सोडून दोन उलथन्यांनी उचलत खालीवर कराव्यात. पाच-सात मिनिटांत पाणी आटतं. नूडल्स कडक वाटल्या तर आणखी थोडी अळणी शिंपडायची आणि भाज्या परत कढईत घालायच्या. वर पिळायला तिकडे कालामान्सी हे छोटं, आंबट फळ असतं. आपलं कागदी लिंबू चालतं, त्यात थोडा संत्र्याचा रस घातला तर चव अधिक जवळ जाते.

गव्हाच्या, आधीच तळून वाळवलेल्या नूडल्स घेतल्या की त्याचंच पान्सित कान्तोन होतं. त्या भिजवायच्याही नसतात. मालाबोनचं पान्सित जाड नूडल्सचं, समुद्री मेव्याचं आणि अचुएते बियांनी केशरी झालेलं. ही बी मेक्सिकोहून स्पॅनिश गलबतांतून आली. लुकबान गावात पान्सित हाबहाब केळीच्या पानावर मिळतं आणि चमच्याला न शिवता, पानच तोंडाशी नेऊन खातात. इलोइलोच्या पान्सित मोलोमध्ये तर नूडल्सच नसतात, असतात ते सारण भरलेले गोळे सुपात सोडलेले.

वाढदिवसाला मात्र लांब नूडल्सच हव्यात. लांब नूडल्स म्हणजे दीर्घायुष्य, अशी तिथली समजूत, म्हणून त्या दिवशी त्या तोडत नाहीत. एरवी पान्सितला मुहूर्त लागत नाही. दुपारच्या खाण्याला ते पान्देसाल या मऊ पावात भरूनही खातात.